जुन्या स्पोर्ट्‌स कारचे एअर इनटेक पार्ट : सोलापुरातून शोध आणि खर्चाचा अंदाज

भारतात विकल्या गेलेल्या हौशी गाड्यांपैकी तीन तरी आपल्याच भागात घडल्या. सॅन स्टॉर्म ही दोन दारांची, टप उघडणारी, फायबरग्लासची छोटी कार १९९८मध्ये आली. ती गोव्यात बनायची. फियाट पॅलिओ १.६ ही २००१पासून मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघू लागली. छोट्या गाडीत शंभराच्या आसपास अश्वशक्तीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन तेव्हा सहज मिळत नव्हतं. स्कोडा ऑक्टाव्हिया शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली जायची आणि तिची टर्बो पेट्रोल आवृत्ती, म्हणजे आरएस, २००४च्या सुमारास बाजारात आली. १८०० सीसी, वीस व्हॉल्व्ह, १५० अश्वशक्ती.

या गाड्या ज्यांनी जपल्या आहेत त्यांना आता एकच अडचण वारंवार येते. इंजिन दणकट आहे, पण इंजिनापर्यंत हवा नेणारे भाग कुजायला लागले आहेत. फिल्टरचा डबा, त्यातून निघणारा रबरी बेलो, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या, सेन्सर, गॅस्केट, सगळं वीस-पंचवीस वर्षांचं झालं आहे. शोरूममध्ये विचारलं तर ‘मॉडेल बंद झालंय’ एवढंच उत्तर मिळतं. सोलापुरात राहून हे भाग मिळतात. फक्त शोधायची रीत वेगळी आहे. गाडीचं नाव घेऊन दुकानात गेलात तर रिकाम्या हातानं याल. इंजिनाचा कोड आणि पार्ट नंबर घेऊन गेलात तर बहुतेक वेळा काम होतं. पुढे दिलेले भाव ढोबळ आहेत. दुकान, ब्रँड आणि नशीब यांवर ते खालीवर होतील. पण फोन करताना भाव रास्त आहे की नाही, हे कळायला ते पुरतील.

सोलापूरची हवा गाडीचं काय करते

एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४४ अंशांवर जातो. बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त उष्णता असते. या उष्णतेनं रबर कडक होतं आणि बेलोच्या घड्यांना चिरा पडतात. या चिरा बहुधा खालच्या बाजूला असतात, वरून बघून दिसत नाहीत. बेलो काढून दोन्ही हातांनी ताणून, उजेडाकडे धरून पाहावा लागतो.

दुसरी गोष्ट धूळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी-तुरीच्या मळणीचा भुसा हवेत असतो, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे काळ्या मातीची धूळ उडते. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रोज ये-जा असेल तर यंत्रमागांचे सुताचे तंतू फिल्टरवर बसतात. धूळ झटकली तर थोडी तरी निघते, हे तंतू मात्र कागदाच्या घड्यांत अडकतात आणि नमद्यासारखा थर धरतात. कंपनीच्या पुस्तकात फिल्टर बदलायला जे अंतर दिलेलं असतं, त्याच्या निम्म्यावरच इथे बदललेला बरा. कॉम्प्रेसरच्या हवेनं फिल्टर साफ करून पुन्हा बसवण्याची गॅरेजातली सवय सोडून द्यावी. जोराच्या हवेनं कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि तिथून बारीक धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते.

आधी बिघाड नक्की करा

पार्ट शोधायला लागण्यापूर्वी बिघाड कुठे आहे हे पक्कं करण्यावर हजार रुपये खर्च करा. या कामात सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो अंदाजानं सेन्सर बदलण्यात.

थंड इंजिन चालू केल्यावर आरपीएम वर-खाली होत असेल, म्हणजे गाडी हंटिंग करत असेल, तर कुठून तरी न मोजलेली हवा आत जाते आहे असा पहिला संशय घ्यावा. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम नावाचे आकडे दिसतात. आयडलवर हा आकडा अधिक दहा टक्क्यांच्या वर असेल आणि अडीच हजार आरपीएमला खाली येत असेल, तर थ्रॉटलनंतरच्या भागात गळती आहे असं समजा. उलट वेग वाढवल्यावरच आकडा वाढत असेल, तर एअर फ्लो सेन्सर किंवा पेट्रोलचा दाब तपासावा.

टर्बो गाडीत आणखी एक खूण दिसते. एअर फ्लो सेन्सरनं मोजलेली हवा टर्बोनंतरच्या पाइपातून बाहेर सुटत असेल, तर दाब चढल्यावर काळा धूर येतो आणि पिकअप मरतो. तीच फट आयडलवर हवा आत ओढते आणि मिश्रण पातळ होतं. एकाच चिरेची ही दोन उलटी लक्षणं पाहून अनेक मेकॅनिक गोंधळतात आणि इंजेक्टरपासून कॉइलपर्यंत सगळं बदलून पाहतात.

गळती नक्की शोधण्याचा उत्तम मार्ग म्हणजे स्मोक टेस्ट. इनटेकमध्ये कमी दाबानं धूर सोडतात, तो जिथून बाहेर येईल तिथे फट. सोलापुरातल्या प्रत्येक गॅरेजात हे यंत्र नसतं. हॉटगी रोड, विजापूर रोडवरच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये फोन करून आधी विचारा. ५०० ते १,५०० रुपये मागतात. साध्या स्कॅनिंगचे ३०० ते ८०० रुपये. गरम इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारून गळती शोधण्याची पद्धत काही जण अजून वापरतात, त्यातून आग लागू शकते. करायचंच असेल तर साध्या पाण्याचा बारीक फवारा पुरतो; फटीवर पाणी पडलं की आरपीएम लगेच बदलतो. फियाटची जुनी गाडी स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरला दाद देईलच असं नाही, त्यासाठी फियाटचं काम केलेला माणूस गाठावा.

पार्ट नंबर हीच खरी ओळख

काढलेल्या भागावर, बहुतेक वेळा आतल्या बाजूला, नंबर कोरलेला असतो. तो पुसून, टॉर्च तिरकी धरून फोटो काढा. नंबरासोबत बनवणाऱ्याचं नाव, तारखेचं छोटं घड्याळ आणि प्लास्टिकचा प्रकारही लिहिलेला असतो, तोही टिपून घ्या. त्याचा उपयोग पुढे येणार आहे.

ऑक्टाव्हिया आरएसचं उदाहरण घेतलं की या नंबराची ताकद कळते. फोक्सवॅगन समूहाच्या नंबरात पहिले तीन अक्षर-अंक मूळ गाडी किंवा इंजिन सांगतात, मधले तीन भाग कोणत्या गटातला आहे ते सांगतात आणि शेवटचे तीन नेमका भाग. ‘१२९’ हा गट हवेच्या वाटेचा. आरएसच्या एअर फिल्टरचा मूळ नंबर १जे० १२९ ६२०. यातलं ‘१जे०’ म्हणजे चौथ्या पिढीची गोल्फ. म्हणजे हा फिल्टर आरएसचा खास नाहीच. तोच फिल्टर आपल्याकडे मोठ्या संख्येनं विकल्या गेलेल्या साध्या ऑक्टाव्हिया डिझेललाही लागतो. दुकानदाराला ‘आरएसचा फिल्टर’ म्हणून सांगितलं तर तो मान हलवेल. ‘जुन्या ऑक्टाव्हिया डिझेलचा’ म्हटलं तर मागच्या फळीवरून काढून देईल. पाचशे ते बाराशे रुपयांत चांगल्या ब्रँडचा मिळतो. टर्बोचा दाब सोडणारा डायव्हर्टर व्हॉल्व्हही असाच. ०६ए १४५ ७१०एन हा नंबर जगभरच्या १.८ टर्बोवाल्यांना तोंडपाठ असतो आणि त्या नंबरानं तो भारतातही मागवता येतो.

मात्र नंबराच्या शेवटची अक्षरं सोडू नका. एअर फ्लो सेन्सरच्या बाबतीत शेवटचं एक अक्षर बदललं तर बाहेरून सारखाच दिसणारा सेन्सर वेगळा व्होल्टेज देतो आणि गाडी अधिकच बिघडते. म्हणूनच इंजिनाचा कोड टायमिंग कव्हरवरच्या स्टिकरवरून किंवा इंजिन ब्लॉकवरून उतरवून ठेवणं आवश्यक आहे.

स्टॉर्मचा मार्ग निराळा आहे. तिचं ११४९ सीसीचं इंजिन रेनोचं, कोड डी७एफ. हे इंजिन युरोपात क्लिओ, ट्विंगो आणि कांगू या गाड्यांत होतं. भारतात रेनोच्या शोरूममधून विकल्या गेलेल्या डस्टर, पल्स, क्विड यांपैकी कशातही ते नव्हतं, त्यामुळे इथल्या रेनोच्या काउंटरवर विचारून उपयोग नाही. थ्रॉटल बॉडी, मॅनिफोल्डचं गॅस्केट, मॅप सेन्सर असे इंजिनाला थेट बोल्टनं जोडलेले भाग दुसऱ्या पिढीच्या क्लिओ १.२, आठ व्हॉल्व्ह, या नावानं शोधावेत. फिल्टरच्या डब्यापासून पुढच्या जाळीपर्यंतचा पाइप मात्र गाडीच्या अंगाच्या मापाचा असतो. तो फुटला असेल तर शोधण्यात महिने घालवू नयेत, बनवून घ्यावा. त्याविषयी पुढे सांगतो.

पॅलिओवाल्यांना सगळ्यात सोपं. तेच १.६ इंजिन ॲडव्हेंचर आणि पेट्रा या गाड्यांतही मिळत होतं, त्यामुळे भंगारात त्या दिसल्या तर नंबर जुळवून पाहावा. पॅलिओ १९९६मध्ये आधी ब्राझीलमध्ये आली आणि तिथे तिचा संसार फार मोठा झाला, म्हणून इथे न मिळणारा भाग ब्राझीलच्या विक्रेत्यांकडे अजून सापडतो. तिचा साधा कागदी फिल्टर २५० ते ५०० रुपयांच्या आत, बेलो नवा मिळाला तर दीड ते तीन हजार.

कुठे जायचं

सुरुवात शहरातूनच करा. सोलापुरातले सुट्या भागांचे दुकानदार मारुती-ह्युंदाई-टाटाच्या मालावर जगतात. तुमच्या गाडीचा माल त्यांच्याकडे नसेल, पण पुण्या-मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्यांशी त्यांचं रोजचं बोलणं असतं आणि त्यांचा माल रोज येतो. नंबर लिहून दिला आणि थोडी आगाऊ रक्कम दिली तर अनेक जण मागवून देतात. वर पाच-दहा टक्के घेतील. ते द्यावेत, कारण चुकीचा भाग आला तर परत करायला माणूस गावातच असतो. फियाटचा भाग असेल तर टाटाच्या जुन्या पार्ट-काउंटरवरच्या माणसालाही विचारा. काही वर्षं फियाटच्या गाड्या टाटाच्याच शोरूममधून विकल्या जात होत्या आणि पडून राहिलेला माल अशा ठिकाणी निघतो.

पुण्याला जायचं असेल तर हुतात्मा एक्स्प्रेस या कामासाठी फार सोयीची. सकाळी साडेसहाच्या सुमारास निघाली की साडेदहा-अकरापर्यंत पुणे, संध्याकाळी सहाच्या आसपास परतीची गाडी. नाना पेठ आणि क्वार्टर गेटच्या परिसरात सुट्या भागांची दुकानं दाटीनं आहेत. जाताना जुना भाग पिशवीत घेऊन जा, फोटोवर विसंबू नका. बेलोच्या तोंडाचा व्यास दोन मिलिमीटरनं चुकला तरी क्लिप कितीही आवळली तरी हवा खेचतो.

काढलेला माल, म्हणजे भंगारात गेलेल्या गाड्यांचे भाग हवे असतील तर मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. विलायती गाड्यांचा माल तिथे जितका मिळतो तितका राज्यात दुसरीकडे नाही, असं माझं मत आहे. नव्या मालासाठी ऑपेरा हाउसकडची दुकानं. सोलापूरकरांना हैदराबादही जवळ आहे, साधारण तीनशे किलोमीटर. तिथलं राणीगंज आणि जामबाग दोन्ही सुट्या भागांसाठी ओळखले जातात. दिल्लीचं काश्मिरी गेट आणि चेन्नईचं पुदुपेट इथून फोनवर माल मागवणारे आहेत, पण ओळखीशिवाय पूर्ण रक्कम आधी पाठवू नये.

काढलेल्या मालात काय घ्यावं आणि काय नाही, याबाबत माझं मत ठाम आहे. फिल्टरचा डबा, मॅनिफोल्ड, थ्रॉटल बॉडी, धातूचे पाइप, इंटरकूलर हे भाग जुने घ्यायला हरकत नाही. रबर कधीही जुनं घेऊ नये. दिल्लीच्या गाडीचा वीस वर्षांचा बेलो तुमच्या बेलोइतकाच म्हातारा आहे. सेन्सरही जुना घेऊ नये, कारण तो विक्रेत्याच्या टेबलावर तपासता येत नाही. जुनी थ्रॉटल बॉडी तीन ते सात हजारांत मिळते. घेताना फ्लॅपचा दांडा बोटानं वर-खाली हलवून पाहा. खेळ लागला तर सोडून द्या.

विकत घेऊ नका, बनवून घ्या

सोलापूरला एक फायदा आहे, तो इथल्या गाडीवाल्यांनी पुरेसा वापरलेला नाही. हे कारागिरांचं शहर आहे. जगभरच्या गाड्यांच्या कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्‌स ही कंपनी इथलीच आहे. एमआयडीसीतल्या लेथवाल्यांना मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची सवय आहे. अशा गावात ॲल्युमिनियमचा एक इनटेक पाइप बनवून घेणं अवघड नाही.

फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा पाइप ६३ किंवा ७० मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम नळीतून, टिग वेल्डिंगनं वाकणं जोडून, १,५०० ते ३,५०० रुपयांत होतो. दोन टोकांना सिलिकॉनचे सांधे टाका, एका वाकणाला ६०० ते १,५०० रुपये. नळीच्या टोकाला कडा उठवून घ्यायला विसरू नका, नाहीतर टर्बोच्या दाबानं सांधा निघून येतो. वेल्डिंगनंतर आतून ब्रश मारून, धुऊन, वाळवून मगच बसवावा. वेल्डिंगचा एक कण टर्बोच्या पात्यात गेला तर पन्नास हजारांचं काम निघतं.

दोन गोष्टी सांभाळा. एअर फ्लो सेन्सर ज्या नळीत बसतो तिचा व्यास बदलू नये. हवेचं माप त्या व्यासावरच ठरलेलं असतं. आणि इंजिनातली तेलकट वाफ परत आणणाऱ्या पीसीव्हीच्या नळ्यांना साधं सिलिकॉन चालत नाही. तेलानं ते फुगतं, मऊ पडतं. तिथे कंपनीची नळी किंवा आतून फ्लोरोचं अस्तर असलेलीच घ्यावी. ऑक्टाव्हिया आरएसमध्ये मॅनिफोल्डखालच्या पीसीव्ही नळ्यांचा गुंता आहे. पूर्ण संच २,००० ते ६,००० रुपये आणि मजुरी १,५०० ते २,५००. एक नळी फाटली म्हणून एकच बदलू नका. बाकीच्याही त्याच दिवशी तयार झालेल्या आहेत, आणि पुन्हा तीच मजुरी द्यावी लागेल.

तुटलेला डबा फेकू नका. त्यावर ‘पीपी’ किंवा ‘पीपी-टी२०’ असं कोरलेलं असेल तर तो पॉलिप्रॉपिलीनचा आहे. त्यावर अराल्डाइट किंवा एम-सील टिकत नाही, काही आठवड्यांत सुटून येतं. बंपर दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे जा आणि पीपीच्याच काडीनं प्लास्टिक वेल्डिंग करून घ्या; ३०० ते ८०० रुपये. झाकणाचे हूक तुटले असतील तर स्टीलचे हूक रिव्हेट करून बसवतात. ‘पीए६’ लिहिलेलं असेल तर ते नायलॉन, बहुधा मॅनिफोल्डचं. ते वेल्ड करून चालवण्यापेक्षा दुसरं शोधावं, कारण त्यातून सुटलेला तुकडा सरळ व्हॉल्व्हखाली जातो.

गॅस्केट मिळत नसेल तर जुन्याचा ठसा घेऊन शीटमधून कापून देणारे आहेत, शंभर ते तीनशे रुपये. मूळ गॅस्केट धातूचं किंवा रबरी कडेचं असेल तर मात्र कापलेलं चालणार नाही. क्लिप चांगल्या घ्याव्यात. वीस रुपयांची क्लिप रबर कापते. स्टेनलेसची, आतून गुळगुळीत, ८० ते १५० रुपयांना येते. या एका गोष्टीत काटकसर करू नये.

उघडा फिल्टर घ्यावा का?

जुना डबा मिळत नाही म्हटल्यावर कोणीतरी शंकूसारखा उघडा फिल्टर सुचवतोच. आवाज छान येतो, दिसतोही चांगला, हजार ते सात हजारांपर्यंत कसाही मिळतो. सोलापुरात तो घेऊ नये असं मी स्पष्ट सांगेन. बाहेर ४३ अंश असताना बॉनेटखालची हवा सहज ६० अंशांच्या वर असते. हवा गरम झाली की तिची घनता उतरते. या दोन तापमानांतला फरकच पाच टक्क्यांचा आहे. म्हणजे ताकद वाढवायला घेतलेला फिल्टर उन्हाळ्यात ताकद कमी करतो. घ्यायचाच असेल तर इंजिनाच्या बाजूनं पत्र्याची भिंत घालून, बंपरकडून थंड हवेचा पाइप आणून तो बंद करावा लागतो. त्या कामाला दोन-तीन हजार लागतात. तेवढ्यात जुना डबा दुरुस्त होतो.

तेल लावून वापरायचे, धुता येणारे कापडी फिल्टर ४,५०० ते ७,००० रुपयांना आहेत. त्यांना तेल जास्त झालं तर ते एअर फ्लो सेन्सरच्या बारीक तारेवर जाऊन बसतं. सेन्सर खराब झाल्यासारखा वाटला तर आधी त्याच्यासाठीचा खास क्लीनर स्प्रे वापरून पाहा, ५०० ते ९०० रुपये. तारेला बोट किंवा कापूस लावू नका. तरीही नाही सुधारला तर नवा. इथे ड्युप्लिकेट दीड-अडीच हजारांत आणि मूळ बनावटीचा सहा ते चौदा हजारांत, असा मोठा फरक दिसतो. ड्युप्लिकेट सेन्सरवर गाडी सुरू होते, चालते, पण चुकीचं माप देत राहते आणि पेट्रोल जास्त पिते. जुन्या सेन्सरचं बाहेरचं घर चांगलं असेल आणि आतला नवा तुकडा वेगळा मिळत असेल तर पैसे वाचतात. विक्रेत्याला तसं विचारावं.

परदेशातून मागवताना

स्टॉर्मला यावाचून गत्यंतर नाही. हिशेब असा करावा. समजा भाग ६० युरोचा, पाठवणी ३५ युरो. युरो १०० रुपयांच्या आसपास धरला तर ९,५०० रुपये. सीमाशुल्क वस्तूच्या किमतीवरच नव्हे, वाहतूक आणि विमा धरून होणाऱ्या एकूण रकमेवर लागतं, त्यावर अधिभार आणि मग या सगळ्यावर जीएसटी. दर वस्तूप्रमाणे आणि मागवण्याच्या पद्धतीप्रमाणे बदलतात, म्हणून हाताशी चाळीस टक्के धरून ठेवावेत : ३,८०० रुपये. कुरियर कंपनीचे कागदपत्रांचे पाचशे-हजार. एकूण चौदा हजारांच्या घरात. सहा हजारांचा वाटलेला भाग चौदाला पडतो. म्हणून एक-एक भाग मागवू नये. फिल्टर, गॅस्केट, सेन्सर, रबराच्या कड्या असं एकाच पार्सलमध्ये आणलं तर पाठवणीचा खर्च वाटला जातो. गोव्यात, बंगळुरूत, पुण्यात स्टॉर्म ठेवणारे लोक आहेत. दोघा-तिघांनी मिळून मागवणं सगळ्यात स्वस्त.

विक्रेत्याला पार्सलवर कमी किंमत लिहायला सांगू नका. पकडलं गेलं तर माल अडकतो आणि दंड वेगळा. आधार किंवा पॅनची प्रत कुरियरला द्यावी लागते, ती आधीच तयार ठेवा.

भारतात घेतलेल्या सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५पासून सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी बऱ्याच भागांवर तो २८ टक्के होता. कोणी अजूनही २८ टक्के लावून बिल करत असेल तर थांबवून विचारा.

एकूण किती

पॅलिओची हवेची वाट पूर्ण नीट करायला, म्हणजे फिल्टर, बेलो, व्हॅक्यूम नळ्या, गॅस्केट, थ्रॉटलची सफाई आणि मजुरी धरून, पाच ते नऊ हजार पुरावेत. ऑक्टाव्हिया आरएसला टर्बोआधीचा मोठा रबरी पाइप, पीसीव्ही संच, डायव्हर्टर व्हॉल्व्ह आणि सेन्सर असं सगळं निघालं तर २५ ते ४० हजार. यातला टर्बोआधीचा पाइप एकटाच सिलिकॉनचा घेतला तर पाच ते नऊ हजारांचा आणि कंपनीचा त्याहून बराच महाग. स्टॉर्मचा खर्च भागांपेक्षा वाहतुकीचा जास्त, पंधरा ते पंचवीस हजार.

या खर्चाला एक मुदतही आहे. या गाड्या पंधरा आणि आता वीस वर्षांच्या पुढे गेल्या. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५मध्ये दहा हजार रुपये झालं. त्यासाठी गाडी तपासणीत उत्तीर्ण व्हावी लागते, पीयूसी लागते. भारत स्टेज दोन आणि तीनच्या पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड अर्धा टक्का आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमच्या आत असावं लागतं. इनटेकमध्ये फट असेल तर मिसफायर होऊन हायड्रोकार्बनचा आकडा वर जातो. म्हणून हे काम नूतनीकरणाच्या तारखेआधी दोन-तीन महिने सुरू करावं. परदेशातून भाग यायलाच महिना जातो.

बिल आणि तक्रार

काढलेल्या मालाचंही बिल घ्या आणि त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या. चोरीच्या गाडीचा भाग निघाला तर तुम्ही तो उघडपणे, दुकानातून विकत घेतला हे दाखवायला तेवढाच कागद उपयोगी पडतो. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं बिलावर छापलेलं असलं तरी घाबरू नका. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिलेली असेल तर ती, नाहीतर तीस दिवस. बिल न देणं हीसुद्धा त्याच कायद्यात अनुचित प्रथा ठरवलेली आहे. मात्र तुम्ही स्वतः चुकीचा नंबर दिला असेल तर माल सदोष ठरत नाही. म्हणून मागणी तोंडी न करता व्हॉट्सॲपवर, नंबर आणि जुन्या भागाच्या फोटोसह पाठवावी आणि दुकानदाराचं ‘हो’ लेखी घ्यावं.

माल हातात आल्यावर दुकानातच, किंवा पार्सल असेल तर उघडताना सलग व्हिडिओ घेत, जुन्या भागाशेजारी ठेवून तोंडाचे व्यास, बोल्टची भोकं, कनेक्टरच्या पिना मोजा. एकदा बसवलेला आणि तेल लागलेला भाग कोणीही आनंदानं परत घेत नाही. बोलणी फसली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथेही नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क लागत नाही आणि वकील देणंही सक्तीचं नाही.